घरटी एक छाती

“एका पोरीचा खोकला म्हणजे पुरावा नव्हे,” प्रदूषणाच्या हापिसातला साहेब म्हणाला, आणि जितेशच्या डोक्यात किडा शिरला तो तिथं.

खरं तर त्यानं तेव्हाच उठून यायला हवं होतं. शहाणी माणसं अशा हापिसातून उठून येतात, बाहेर टपरीवर चहा मारतात, सरकारला दोन शिव्या घालतात आणि घरी जाऊन जेवतात. पण जितेश पडला मोहोपाड्याच्या पतपेढीतला कारकून. कारकुनाच्या जातीला एक खोड असते. कुणी म्हणालं ‘हा एक कागद कमी आहे’, की तो कागद आणायला पळत सुटतो. मागणाऱ्याला कागद नको असतो, समोरचा माणूस नको असतो, एवढं साधं त्याच्या ध्यानात येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगून त्यानं परत पाठवलेलं असतं, तरी येत नाही.

“मग पुरावा कशाला म्हणायचं, साहेब?”

“तुमचं गाव धुराखाली. मान्य करू घटकाभर. मग धुराखाली नसलेलं एक गाव घ्या. दोन्हीकडच्या माणसांचा श्वास मोजा, दोन्ही सरासऱ्या काढा, फरक दाखवा. नुसता फरक नको हां. सिग्निफिकंट फरक पाहिजे. आणा तुम्ही, मी स्वतः जनसुनावणीत वाचून दाखवतो. आणि जो निकाल येईल तो द्यायचा. मला आवडला तर देईन, असं चालणार नाही.”

“जो येईल तो देईन,” जितेश म्हणाला, आणि तसं लिहूनही देऊन आला. मूर्खपणाला सहीशिक्का लागला की तो किती रुबाबदार दिसतो!

जनसुनावणी होती जितेशच्या गावच्या, पानशेळच्या, माथ्यावरच्या कारखान्याची. कारखान्याला वाढायचं होतं. नवं धुराडं उभं राहणार होतं ते शाळेच्या पाठीमागे, आणि त्या शाळेत जितेशची ऋतिका चौथीत होती. तिचा दम असा की वर्गात कविता म्हणताना ती दुसऱ्या कडव्यापाशी थांबायची आणि बाई म्हणायच्या, “पाठ नाही वाटतं?” खोपोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: आहे तेवढ्या धुरात औषधावर निभेल, आणखी एक धुराडं लागलं तर पोरीला इथं ठेवू नका. म्हणजे हिशेब सरळ होता. धुराडं अडलं तर ऋतिका घरी. नाही अडलं तर मुरबाडला मामाकडे. जितेशच्या बायकोनं, सोनालीनं, तो हिशेब त्याच्या आधी करून ठेवला होता आणि त्यावर ती बोलत नव्हती. सोनाली बोलत नसली की घरात जास्त आवाज वाटतो.

आता सिग्निफिकंट म्हणजे काय, हे विचारायला तो गेला रुचिता मॅडमकडे. मॅडम खोपोलीला कॉलेजच्या पोरांचे संख्याशास्त्राचे क्लास घ्यायच्या.

“असं बघा, जितेशदादा,” मॅडम म्हणाल्या. “दोन सरासऱ्या कधी तंतोतंत सारख्या येतच नाहीत. एकाच आळीतल्या बायकांच्या भाकऱ्या आज मोजल्या, उद्या मोजल्या, तरी आकडा हलणार. प्रश्न असा की, फरक नुसत्या योगायोगानं पडावा एवढाच आहे, की त्याच्या पलीकडचा. सुरुवात करताना धरून चालायचं, की दोन्ही गावांत काहीच फरक नाही.”

“हे तर कंपनी म्हणते!”

“म्हणू दे. आपणही तसंच धरायचं. मग आकडे मांडायचे. फरक नाही असं धरल्यावर असे आकडे दिसणं जवळजवळ अशक्य असेल, तर धरलेलं सोडून द्यायचं.”

“कंपनी सोडेल?”

“मी गणिताचं बोलतेय, दादा. कंपनीचं नाही.” मग बोट वर करून म्हणाल्या, “आणि एक. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडायची. तुमच्या मर्जीनं निवडलीत की सगळं मुसळ केरात.”

जितेशनं पनवेलहून एक नळकांडं आणलं. दमेकऱ्यांना दवाखान्यात फुंकायला देतात ते. एका टोकाला तोंड लावायचं, छाती भरून एका झटक्यात जोरात फुंकायचं, असं तीनदा; बाजूचा काटा सरकतो. जितका पुढं, तितकी छाती मोकळी. इंग्रजी नाव लांबलचक आहे. पानशेळनं त्याला पहिल्याच दिवशी ‘फुंकणी’ म्हटलं आणि पतपेढीतल्या कारकुनाला ‘फुंकणीशेठ’. वीस वर्षं गावात मान खाली घालून चालल्याचं हे फळ.

दुसरं गाव ठरलं हेदशेत. कर्जतच्या अंगाला, डोंगरावर असलेली ठाकूरवाडी. तिथं धूर नाही, वारा स्वच्छ. मुंबईचे शेठ त्याच वाऱ्यासाठी शेजारी फार्महाऊस बांधतात आणि शनिवारी येऊन डीजे लावतात. असल्या हवेत राहणाऱ्यांच्या छात्या भात्यासारख्या असणार, असं जितेशनं घरबसल्या ठरवून टाकलं. वाडीत त्याआधी तो एकदाही गेला नव्हता. जिथं आपण कधी गेलो नाही तिथली माणसं ठणठणीत असतात, ही आपल्या लोकांची फार जुनी समजूत आहे.

राहिली परवानगी. या मुलखात धूर सोडायला परवानगी लागते आणि छाती मोजायलाही लागते. फरक एवढाच की पहिली लवकर मिळते. दोन्ही गावांचा कारभार एकाच ग्रामसेवकाकडे. त्यानं अर्ज उलटासुलटा केला.

“चाचणी? चाचणीला रकाना नाय. रकाना आहे आरोग्य शिबिराला, नाहीतर क्रीडा स्पर्धेला.”

“मग शिबिर लिहा.”

“दोन शिबिरं? तिमाहीत एकच मंजूर होतं. हेदशेतला शिबिर लिहितो. पानशेळला स्पर्धा लिहितो.”

“अहो, फुंकायची स्पर्धा?”

“श्वसन स्पर्धा. योगासनात बसवतो ना! कागदावर काय लिहिलंय ते कोण वाचतंय, मसणेभाऊ?”

जितेशलाही तेच वाटलं. पण या देशात सरकारी कागद वाचला जात नाही तो फक्त हक्काचा. फुकटचा आणि जिंकायचा कागद सगळे वाचतात. ग्रामसेवकानं दोन्ही गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली. पानशेळला: पानशेळ विरुद्ध हेदशेत, श्वसन स्पर्धा. हेदशेतला: मोफत आरोग्य शिबिर, छातीची तपासणी. आणि दोन्हीकडे खाली जितेशनंच सांगितलेली ओळ: चिठ्ठीत नाव निघेल त्या घरानं घरटी एक माणूस पाठवावा.

घरटी एक! ही रीत इथं आजची नाही. विहिरीचा गाळ काढायचा, घरटी एक. पालखीला खांदा, घरटी एक. मयताची लाकडं, घरटी एक. जितेशला वाटलं, रीत गावाची, चिठ्ठी मॅडमची. गावही खूश, गणितही खूश. इथंच तो मेला. पण मेल्याचं कळायला माणसाला वेळ लागतो.

सूचना वाचून पहिला आला आबाजी. आबाजी म्हणजे पानशेळच्या कबड्डीचा भीष्माचार्य. तरणा असताना आख्खा सामना एका दमात खेचायचा म्हणतात. पुढं तीसेक वर्षं त्याच कारखान्यात ठेक्यावर बॉयलरपाशी राबला. आता ओट्यावर बसून पोरांना शिव्या देतो. त्याच्या घराची चिठ्ठी निघाली होती.

“जितेश, तू काय काळजी करू नको रं. हेदशेतवाल्यांनी दोन सालं आपला कबड्डीचा चषक नेलाय. हे बारीला गाव तुझ्या मागं उभा हाय.”

“आबाजीकाका, ही स्पर्धा नाही. आपण कमी आलो पाहिजे.”

आबाजीनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं देवळात चप्पल घातली. “कमी? पानशेळ कमी? तुझा बाप कबड्डी नाय खेळला म्हणून असा बोलतोस तू.”

बापापर्यंत गेल्यावर जितेशनं विषय सोडला. विषय सोडायला नको होता, पण कारकुनाचा बाणा बापाच्या अलीकडेच संपतो.

रविवारी देवळाच्या मंडपात पानशेळ जमलं. आबाजीच्या गळ्यात शिट्टी. खुर्च्या, चुन्याची रेघ, लाऊडस्पीकर. आबाजीच्या घरचा म्हणून आला त्याचा पुतण्या स्वप्नील, तालुक्याचा चढाईपटू, मांड्या कमावलेल्या.

“आबाजीकाका, तुम्ही का नाही फुंकत?”

“घरटी एक बोललास ना तू? हा आमचा एक.”

दुसऱ्या घरातून आला बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. तिसऱ्यातून देवळात शंख फुंकणारा गुरव. बारा महिने खोकणारा गणू वाणी घरी बसला आणि त्याचा सैन्यात भरतीची तयारी करणारा भाऊ आला. इंदूबाईच्या घरातून कुणी आलं असेल? पेणहून खास बोलावलेला जावई.

“इंदूकाकी, हा इथं राहत नाही!”

“जावई हाय. घरातलाच झाला ना? का तुझ्याकडं जावयाला परका समजतात?” आणि नळकांड्याकडे बोट दाखवून, “आणि ह्ये नवं लाव आधी. त्या बँडवाल्याचं उष्टं माझा जावई तोंडात घालील व्हय?”

पुठ्ठ्याच्या नळ्या प्रत्येकाला वेगळ्याच होत्या, पण इंदूबाईला एका जावयाला तीन लागल्या. कारण प्रत्येक फुंकरीनंतर ती आधीच्या फुंकरीचं उष्टं धरायची. नळ्या संपल्या. जितेश स्कूटरवरून चौक गावाला पळाला, औषधाच्या दुकानदारानं पान खाणं थांबवून विचारलं, “लग्नाबिग्नाची काही नवी पद्धत आहे का?” तो परत आला तेव्हा गाव बटाटेवडे खाऊन ताजंतवानं झालं होतं आणि आबाजी लाऊडस्पीकरवर आकडे पुकारत होता. स्वप्नीलनं मांडीवर थाप मारली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि असा फुंकला की काटा टोकाला जाऊन आदळला. मंडपात शिट्ट्या. माथ्यावरच्या धुराड्यातून त्याच वेळी पिवळट धूर खाली उतरत होता आणि सडक्या लसणाचा वास येत होता. त्याकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता. गाव जिंकत होतं.

मंडपाच्या मागे, भिंतीआड, कुणीतरी कोंडून खोकत होतं. जितेश वळला तेव्हा आबाजी तोंडावर उपरणं धरून येत होता. “धूळ फार झालीय,” तो म्हणाला. “पुकार पुढचं नाव.”

जितेशनं मनाला समजावलं. चिठ्ठ्या टाकल्या, नियम पाळला. पानशेळचे आकडे एवढे, तर डोंगरावरचे किती असतील!

डोंगरावर तो पुढच्या रविवारी गेला. हेदशेतच्या शाळेच्या पडवीत माणसं सकाळपासून बसली होती. बसली म्हणजे भिंतीला टेकली होती. एका बाईनं बापाला पाठुंगळी आणलं होतं. एकजण दोन श्वासांमध्ये थांबून थुंकत होता. चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या म्हाताऱ्या, वीटभट्टीवरून छाती भरून आणलेले पुरुष. निरोगी माणूस त्या पडवीत एकच होता: वाडीचा कारभारी धाऊ, आणि तो पाणी वाटत होता.

“धाऊदादा, ही सगळी आजारी माणसं कशी?”

“शिबिर हाय ना?”

“हो, पण घरटी एक सांगितलं होतं.”

“मग? घरटी एकच आणलाय. ज्याला जास्त दुखतं त्यालाच पाठवणार ना घर? का धडधाकट गड्याला डाक्टरकडं पाठवतात तुमच्यात?”

 जितेशला सांगायचं होतं की, मला तुमच्यातली धडधाकट माणसं हवीत, तुमची छाती चांगली निघायला हवी, माझ्या पोरीसाठी. हे वाक्य त्यानं मनात एकदा म्हणून बघितलं. म्हणण्यासारखं नव्हतं.

बुधी नावाची म्हातारी पुढं आली. तिनं नळकांडं दोन्ही हातांनी धरलं, कपाळाला लावलं आणि फुंकलं. काटा जागचा हलला नाही. ती वर बघून हसली. “झाला? आता गोळी दे.”

“आजी, गोळी नाही. हे नुसतं मोजायचं आहे.”

“मोजून?”

“मोजून लिहायचं.”

“लिहून?”

जितेशनं खिसे चाचपले. खिशात ऋतिकाच्या आल्याच्या वड्यांची पुडी होती, ती त्यानं म्हातारीला दिली. पडवी उठून उभी राहिली. सगळ्यांना वडी हवी होती. वड्या पाच मिनिटांत संपल्या. धाऊनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि जितेशपाशी येऊन हळू आवाजात, लाज वाटेल इतक्या हळू, म्हणाला, “ही माणसं मजुरी बुडवून आलीत, भाऊ. तू त्यांचा श्वास घेऊन चाललास. देतोस काय?”

आकडे मात्र जितेशनं सगळे घेतले. चिठ्ठीत नावं निघाली होती ना! नियम म्हणजे नियम.

उतरताना घाटात आबाजीचा फोन. “त्यांचे किती?”

“कमी आले, काका,” जितेश म्हणाला. असल्या वेळी माणसानं फोन उचलू नये. पलीकडे फटाके वाजल्यासारखा आवाज झाला, आणि पुढं कळलं की ते फटाकेच होते.

रुचिता मॅडमनी आकडे लॅपटॉपवर चढवले. बराच वेळ पडद्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

“सिग्निफिकंट आहे, दादा.”

“आहे?”

“नुसता आहे? माझ्या सगळ्या वर्षांत इतका सिग्निफिकंट फरक कधी बघितला नव्हता. योगायोगानं असा फरक पडायचा तर लाखात एकदाही पडणार नाही.” त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “फक्त उलट्या बाजूला. गणिताप्रमाणे कारखान्याच्या धुरात माणसाची छाती फुलते आणि डोंगराच्या हवेत खचते.”

जितेश भिंतीवरच्या गणपतीकडे बघत राहिला. 

“चिठ्ठ्या टाकल्या होत्या ना?”

“टाकल्या. देवाशपथ टाकल्या. घराघराच्या टाकल्या.”

“घराच्या!” मॅडम उभ्याच राहिल्या. “घर निवडलं चिठ्ठीनं. आणि घरातलं माणूस कुणी निवडलं?”

“घरानं.”

“मग तुम्ही छाती नाही मोजलीत, दादा. एका गावाची इज्जत मोजलीत आणि दुसऱ्याचं दुखणं.” मॅडमचा आवाज उतरला. “पुन्हा करा. मतदारयादीतून माणसाच्या नावाची चिठ्ठी काढा. ज्याचं नाव, त्यानंच फुंकायचं. जावई नको, पुतण्या नको.”

जितेश तसाच आबाजीच्या ओट्यावर गेला. आबाजीनं शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली.

“सामना झाला का?”

“झाला, पण—”

“निकाल लागला का?”

“लागला, पण तो—”

“फेरसामना हरलेल्यानं मागायचा असतो रं. जिंकलेला फेरसामना मागतो, असा येडा मी पन्नास वर्षांत नाय पाह्यला.” आणि रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथं फलक लागला होता. वर गावदेवीचा फोटो, खाली स्वप्नील मांडीवर थाप मारताना, बाजूला वर्तुळात जितेशचा पतपेढीच्या ओळखपत्रावरचा दचकलेला चेहरा: *श्वसन स्पर्धेत हेदशेतवर दणदणीत विजय. संयोजक श्री. जितेश मसणे यांचे हार्दिक अभिनंदन.* एकदम तळाला, बारीक अक्षरांत, सौजन्य म्हणून कारखान्याचं नाव होतं. आकडे धुराड्यापर्यंत कधीच पोचले होते.

जनसुनावणी शाळेच्या मैदानावर झाली. मांडव, पंखे, थंड पाण्याच्या बाटल्या. कंपनीचा साहेब मराठी सुरेख बोलत होता. असल्या कामाला कंपन्या मराठी सुरेख बोलणारा माणूस मुद्दाम ठेवतात. जितेशनं लिहून दिल्याप्रमाणे हापिसात भरलेले आकडे घेऊन त्यानं पडद्यावर दोन खांब दाखवले, पानशेळचा उंच आणि हेदशेतचा बुटका.

“हा अभ्यास आमचा नाही. पानशेळच्याच एका जागरूक नागरिकानं, स्वतःच्या पदरचे पैसे घालून, चिठ्ठ्या टाकून केलेला हा स्वतंत्र अभ्यास आहे. फरक सिग्निफिकंट आहे. श्री. मसणे, कृपया उभे राहा. टाळ्या!”

टाळ्या पडल्या. गावानंच वाजवल्या. प्रदूषणाच्या हापिसातला साहेबही वाजवत होता. जो निकाल येईल तो वाचून दाखवण्याचं वचन त्याच्या वतीनं दुसऱ्यानंच पाळलं होतं.

जितेश उभा राहिला. “आकडे बरोबर आहेत, पण माणसं चुकीची आहेत,” तो म्हणाला. आपण चुकीच्या शब्दांत बोललो, हे त्याला बोलल्याबरोबर कळलं.

“चुकीची माणसं म्हणजे कोण?” स्वप्नील ओरडला.

“तसं नाही. ज्या माणसांना दम लागतो ती आलीच नाहीत. घरोघरी दमेकरी आहेत आपल्यात, हे सगळ्यांना माहीत आहे.”

“नाव घे!” मागून कुणीतरी ओरडलं. “कुनाच्या घरात दमेकरी हाय? घे नाव!”

नाव कसं घेणार? स्वप्नीलचं लग्न ठरत होतं. इंदूबाईची धाकटी दाखवायची होती. खोकणारं घर म्हटलं की सोयरीक मोडते, कारखान्यातली ठेक्याची हजेरी जाते. जितेशनं मांडवभर नजर फिरवली. जिथं नजर जाईल तिथली मान खाली जात होती. मग सोनाली उठली. इतके दिवस न बोललेली.

“नाव मी घेते. ऋतिका जितेश मसणे. माझी पोरगी. ती खोकते. आता दुसरं नाव कोण घेतंय?”

 सोनाली उभी होती. इंदूबाईनं पदर तोंडाशी नेला, आणि खोकला आला तो गिळला. गिळताना तिचे डोळे पाण्यानं भरले. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

“सोनाली, खाली बस गं,” आबाजी म्हणाला. “गावाची शोभा करू नको परक्यांच्या म्होरं.”

कंपनीच्या साहेबानं सहानुभूतीनं मान हलवली. एका मुलीबद्दल आम्हालाही वाईट वाटतं, पण एक उदाहरण म्हणजे सरासरी नव्हे, असं तो म्हणाला. हरकत नोंदवून घेतली गेली. नोंदवून घेणं म्हणजे काय, हे जितेशला पतपेढीत बसून चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या पाठीमागे खड्डे खणायला यंत्र आलं, आणि ऋतिकाचा दाखला काढला. सकाळच्या एसटीला तो मायलेकींना सोडायला खोपोलीला गेला. सोनाली चार दिवस राहून परतणार होती. ऋतिका खिडकीत बसली. तिनं रस्त्यात फलक वाचला होता. चौथीतल्या पोरीला काय, सगळंच वाचता येतं.

“बाबा, आपण जिंकलो ना?”

“हो.”

“मग मी का जायचं?”

कंडक्टरनं घंटी मारली. त्या कंडक्टरचे जितेशवर आयुष्यभराचे उपकार आहेत.

तो घरी आला तेव्हा दुपार भरली होती. आळीत चिटपाखरू नव्हतं. पायरीवर आबाजी बसला होता, उन्हात, एकटा. उठताना त्यानं दाराची चौकट धरली, उभं राहिल्यावरही सोडली नाही.

“पोर गेली?”

“गेली.”

आबाजी घरात आला. दार त्यानंच लोटून घेतलं. “ती फुंकणी हाय का रं तुझ्याकडं?”

जितेशला वाटलं, त्याच्या तोंडावर मारावं. मारलं नाही. कपाटावरून नळकांडं काढलं, पुठ्ठ्याची नवी नळी लावली आणि त्याच्या हातात दिलं. आबाजीनं पाय रोवले. गुडघे जरा वाकवले, जुन्या सवयीनं. छाती भरायला गेला तर मधेच अडकली. पुन्हा भरली. फुंकलं. काटा कुरकुरल्यासारखा थोडा सरकला आणि थांबला. बुधीपेक्षा बोटभर पुढं.

“आणि एकदा फुंका. तीनदा फुंकायचं असतं.”

“नाय जमायचं.” तो खाटेवर टेकला. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. “दोन सालं झाली. रात्री बसूनच असतो. घरात कुनाला बोललो नाय.”

“काका, मांडवात बोलला असतात तर?” जितेशचा आवाज फाटला. “एक माणूस उठला असता तर! तुम्ही उठला असतात तर आणखी दहा उठले असते. माझी पोर—”

“ठाऊक हाय मला.” आबाजी जमिनीकडे बघत होता. “म्हनून तर आलो.”

जितेशनं कागद ओढला.  हा एक आकडा. उद्या गणू वाण्याकडे जाऊ, परवा इंदूकाकीकडे. या वेळी खरी माणसं. मॅडमना सांगू. हापिसात पुन्हा जाऊ, नव्या तारखेचा अर्ज करू, यंत्र थांबवू. पोरगी दिवाळीपर्यंत परत येईल.

“बोला, नाव आबाजी. वय?”

 आबाजीनं मान वर केली. त्याला काहीतरी टोचत होतं, आणि ते छातीत नव्हतं.

“जितेश, हा आकडा धरलास, तर आपली सरासरी उतरंल का रं?”

“उतरेल.”

“हेदशेतच्या खाली?”

“तुमच्यासारखे सगळे धरले तर, खालीच.”

आबाजी उठला. चौकटीला धरून उभा राहिला, उपरणं नीट केलं, दार किलकिलं करून आळीत कुणी आहे का ते पाहिलं.

“मग नको लिहू,” तो म्हणाला, आणि ताठ चालत निघून गेला.